कोणी कोणती विद्या धरावी? जालन्याच्या मातीतून युद्धकलेच्या निवडीचा इतिहास (दीर्घ धागा)

१/
कुस्ती शिकावी की ज्युदो? कराटे की लाठी? शरीर किरकोळ असलेल्याने काय निवडावे, शांत स्वभावाच्या माणसाने काय निवडावे, आणि रात्री एकटे परतावे लागते तिने काय निवडावे? हा प्रश्न आजचा वाटतो. पण दख्खनमध्ये तो किमान नऊशे वर्षे विचारला जात आहे. त्याची उत्तरे ग्रंथांत सापडतात, तालमींत सापडतात आणि रणांगणांवरही सापडतात. त्यांतील काही ठळक प्रसंग आजच्या जालना जिल्ह्यात घडले. हा धागा त्या उत्तरांविषयी.

२/
जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा झाला. मात्र कुंडलिकेच्या काठचे जालना शहर फार जुने. ही व्यापारी पेठ. भोवती मोकळे पठार, सह्याद्रीसारखे दुर्गम कडे नाहीत आणि घनदाट रानही नाही. संपत्ती भरपूर आणि आडोसा कमी, अशा गावाला स्वसंरक्षणाचा प्रश्न कधीच टाळता आला नाही. डोंगरातला माणूस पळून लपू शकतो. पठारावरच्या माणसाला आधी विचार करावा लागतो.

३/
सुरुवात ग्रंथापासून. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. राजाने काय खावे, काय ऐकावे, कशात रमावे याचा हा कोशच आहे. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे वर्ग केले आहेत, आणि ते वय, शरीर व बळ पाहून ठरवले आहेत.

४/
त्यापुढे सरावाचेही प्रकार येतात. ओझे उचलण्याचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, खांबावरचा स्तंभश्रम. एकाच कुस्तीसाठी इतके वेगवेगळे श्रम सांगण्यामागे एक साधे निरीक्षण आहे : सगळी शरीरे एकाच मार्गाने तयार होत नाहीत. अर्थात, यातली निवड मल्लाची नव्हती. कोणाला कोणत्या वर्गात घालायचे आणि कोणाशी भिडवायचे, हे राजाच्या विनोदासाठी ठरत असे. ‘मला काय झेपेल’ हा प्रश्न स्वतः माणसाने विचारण्याचा काळ अजून दूर होता.

५/
पुढच्या शतकांत या भूमीवर दोन परंपरा मिसळल्या, आणि त्याची साक्ष भाषाच देते. ‘मल्ल’ संस्कृत, ‘आखाडा’ संस्कृत अक्षवाटापासून आलेला. ‘तालीम’ मात्र अरबी, ‘पैलवान’ फारसी, आणि ‘वस्ताद’ हे ‘उस्ताद’चे मराठी रूप. तांबड्या मातीच्या हौद्याशेजारी मारुतीची मूर्ती आणि तिथे शिकवणारा वस्ताद, हे दृश्य मराठी मुलखात कोणालाही परके वाटले नाही. बलोपासनेचा आणि मारुतीच्या भक्तीचा संबंध ज्यांच्या नावाशी घट्ट जोडला गेला, त्या समर्थ रामदासांचे जन्मगाव जांबही याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले. जन्म १६०८ चा.

६/
आता मराठी मुलखातील विद्यांकडे पाहू. प्रत्येक विद्या शिकणाऱ्याकडून वेगळे काही मागते.

दांडपट्टा : लांब, लवचिक, सरळ पाते, हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत. मनगट जखडलेले असल्याने वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. पट्टेकऱ्याला भोवती मोकळी जागा हवी, दम हवा आणि लय हवी. एकट्याने अनेकांना दूर ठेवण्याचे हे हत्यार. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला.

७/
विटा : फेकून पुन्हा मागे ओढता यावा म्हणून दोरी बांधलेला भाला. नेम आणि संयम असणाऱ्याचे काम.

बोथाटी : बोथट टोकाच्या भाल्याने घोड्यावरून करायचा सराव. इथे शरीराइतकेच घोड्याशी असलेले नाते महत्त्वाचे.

फरी-गदगा : ढाल आणि चामड्याने मढवलेली काठी. तलवारीचा सराव रक्त न सांडता करण्याची सोय. नवशिक्याची भीती इथे मोडते आणि उतावळ्याची घाईही.

८/
लाठी : धनगराच्या खांद्यावर, जागल्याच्या हातात, शेतकऱ्याच्या दाराआड असणारी. ती विकत घ्यावी लागत नाही आणि ती बाळगणाऱ्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

बंदेश : सशस्त्र माणसाला पकडींनी जखडून निःशस्त्र करण्याची विद्या. समोरच्याला ठार न करता थांबवणे हे तिचे ध्येय. सगळ्यांत थंड डोक्याची गरज इथे लागते, कारण चूक झाली तर हातात काहीच नसते.

एकच विद्या सर्वश्रेष्ठ, असे या यादीतून निघत नाही. निघतो तो प्रश्न : समोर कोण आहे, जागा किती आहे, आणि शेवट कसा व्हायला हवा?

९/
या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली दिले गेले. शिवाजी महाराजांना ठाऊक होते की भेट शामियान्यात होणार, अफजलखान देहाने धिप्पाड आहे आणि आलिंगनाचा प्रसंग येणार. तलवार उपसायला त्या अंतरात जागा नव्हती. म्हणून अंगात चिलखत, मस्तकी शिरस्त्राण, आणि हातांत वाघनखे व बिचवा : मिठीत चालतील अशीच शस्त्रे. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासद बखरीत ही तयारी तपशिलाने येते. शौर्याची चर्चा नेहमीच होते. मापून केलेल्या निवडीची चर्चा तितकी होत नाही.

१०/
वीस वर्षांनंतरचा प्रसंग थेट जालन्याचा. नोव्हेंबर १६७९ मध्ये महाराजांच्या फौजेने मोगलांच्या ताब्यातील ही श्रीमंत पेठ लुटली. तेथील जान महंमद या सत्पुरुषाच्या तकियात काही व्यापाऱ्यांनी आश्रय घेतल्याची आणि फौजेने तिथेही हात घातल्याची हकीकत तत्कालीन मोगल बाजूच्या लेखनात येते. पेठेच्या दृष्टीने ही आपत्तीच होती. इतिहास वाचताना दोन्ही बाजूंनी उभे राहून पाहावे लागते. जालन्याचा सावकार आणि मराठी स्वार यांना त्या दिवशीचे शहर एकसारखे दिसले नसणार.

११/
परतीच्या वाटेवर संगमनेरच्या परिसरात मोगल फौजेने गाठले. लुटीच्या ओझ्याने फौज मंदावली होती. तुंबळ लढाई झाली आणि सिधोजी निंबाळकर पडले. शत्रूला आणखी कुमक येऊन मिळणार होती. अशा वेळी बहिर्जी या जासुदाने आडवाटेने फौज बाहेर काढली आणि महाराज पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचले. पुढे त्या किल्ल्याला विश्रामगड म्हणू लागले.

त्या दिवशी जीव वाचवला तो वाटेच्या माहितीने. स्वसंरक्षणाच्या शास्त्रात पळवाट ठाऊक असणे हीही एक विद्या आहे, आणि ती कोणत्याही डावाइतकीच शिकून घ्यावी लागते.

१२/
दुसऱ्या बाजीरावाच्या काळातील एक कथा निवडीचे वेगळे अंग दाखवते. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन नामांकित पैलवान पुण्यास आले आणि त्यांनी आव्हान दिले. त्यांच्या देहापुढे उभे राहायला कोणी धजेना. तेव्हा बाळंभटदादा देवधर या कोवळ्या तरुणाने आव्हान स्वीकारले. पण तयारीसाठी मुदत मागून घेतली. परंपरा सांगते की तो सप्तशृंगीच्या डोंगरावर गेला, वानरांच्या हालचाली पाहून लाकडी खांबावर सराव करू लागला, आणि परत येऊन त्याने अलीला चीत केले.

१३/
दृष्टान्ताचा भाग श्रद्धेचा आहे. खांबावरचा श्रम ‘मानसोल्लासा’तही आहे, त्यामुळे मल्लखांब शून्यातून जन्मला असेही म्हणता येत नाही, बाळंभटदादांनी त्याला नवे जीवन दिले. कथेचे मर्म मात्र स्पष्ट आहे. त्या तरुणाने अलीसारखे होण्याचा प्रयत्न केला नाही. जडपणाला जडपणाने उत्तर देणे आपल्या शरीरात नाही हे ओळखून त्याने पकड, लवचिकता आणि चपळाई वाढवली. आणि सर्वांत अवघड गोष्ट केली : ‘आज नाही, मला वेळ द्या’ असे भर दरबारात म्हटले.

१४/
जपानमध्ये याच जातीचा प्रश्न जिगोरो कानो या किरकोळ बांध्याच्या विद्यार्थ्याला पडला होता. दांडग्या मुलांचा त्रास सोसून तो जुन्या जुजुत्सूकडे वळला आणि १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान स्थापून त्याने ज्युदोची घडी बसवली. समोरच्याचा तोल त्याच्याच जोराने ढळवणे हे तिचे सूत्र. १९२९ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी शिन्झो ताकागाकी या ज्युदोशिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावले. पुणे आणि टोकियो यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. कमी वजनाच्या माणसाची अडचण मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

१५/
आता माणसाकडून सैन्याकडे. २३ सप्टेंबर १८०३. स्थळ : आसई. केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची प्रचंड फौज. समोर आर्थर वेलस्ली, तुलनेने अगदी लहान सैन्य घेऊन. स्थानिक माहितगार म्हणत होते की नदीला उतार नाही. वेलस्लीला समोरासमोरच्या काठांवर दोन खेडी दिसली. दोन गावांमध्ये जाणेयेणे असणारच, म्हणजे उतारही असणार, असा तर्क करून तो नदी ओलांडून मराठी फौजेच्या बगलेवर आला.

१६/
मराठी पायदळ त्या वेळी जुन्या पद्धतीचे राहिले नव्हते. महादजी शिंद्यांनी द बॉयन्यच्या हाताखाली युरोपीय कवायतीच्या पलटणी उभारल्या होत्या. आसईला त्यांची धुरा पोलमन याच्याकडे होती. शत्रू बगलेवर आलेला पाहताच या पायदळाने आपली रांग फिरवून त्याच्यासमोर उभी केली. भर रणात हे करणे सोपे नसते. मराठी तोफांनी इंग्रजी रांगा अक्षरशः कापून काढल्या. इंग्रज बाजूचे मृत आणि जखमी दीड हजारांच्या वर गेले. तरीही सायंकाळी मैदान वेलस्लीचे होते. पुढे वॉटर्लू जिंकूनही तो आपली उत्कृष्ट लढाई म्हणून आसईचेच नाव घेत असे.

१७/
इथून एक मोठा वाद सुरू होतो. मराठ्यांनी आपला गनिमी कावा, आपली चपळ घोडदळे सोडून परकी कवायत धरली म्हणूनच ते हरले, असे मत थॉमस मन्रोसारख्या इंग्रज अधिकाऱ्यांनी मांडले आणि अनेक मराठी लेखकांनीही उचलले. सारांश : स्वभावाला न मानवणारी विद्या घेतली, म्हणून घात झाला.

ऐकायला हे पटते. पण रँडॉल्फ कूपर यांच्यासारखे अलीकडचे अभ्यासक पुरावा वेगळा वाचतात. तोफखाना आणि पायदळ उत्तम लढले. तुटले ते वेगळ्या ठिकाणी : कंपनीने आमिष दाखवताच शिंद्यांच्या चाकरीतले कित्येक युरोपीय अधिकारी ऐन वेळी निघून गेले, सरदारांत एकवाक्यता नव्हती, आणि अफाट घोडदळ जवळजवळ स्वस्थ राहिले.

१८/
म्हणजे विद्या परकी असणे हा दोष नव्हता. तिचे वस्ताद भाड्याचे होते आणि त्यांची निष्ठा विकाऊ होती, हा दोष होता. ‘आपली’ कला आणि ‘परकी’ कला असा भेद करून जो निवड करतो, त्याने आसईच्या रानात एकदा उभे राहावे. प्रश्न कलेच्या जन्मगावाचा कमी आणि ती किती मुरली आहे याचा अधिक असतो. उसनी विद्याही आपली होते. पण तिचा गुरू संकटात सोबत राहणारा असावा लागतो.

१९/
निवडीचा आणखी एक पदर आहे : निवडण्याचा हक्क कोणाला? पुण्यातील लहुजी वस्ताद साळवे हे मातंग समाजातील. त्यांचे वडील १८१७ च्या खडकीच्या लढाईत पडले. पेशवाई गेल्यानंतर लहुजींनी गंज पेठेत तालीम उभी केली आणि तिथे दांडपट्टा, नेमबाजी, कुस्ती शिकवली. जातीच्या उतरंडीत खाली ढकललेल्या माणसाने गुरूच्या जागी उभे राहावे आणि वरच्या समजल्या जाणाऱ्या घरांतील मुलांनी त्याला वस्ताद म्हणावे, हे त्या काळात लहानसहान नव्हते. त्यांच्या शिष्यांत जोतीराव फुले होते.

२०/
फुल्यांच्या चरित्रातील एक रात्र इथे आठवावी लागते. चरित्रकार सांगतात की त्यांना मारण्यासाठी दोन मारेकरी घरात शिरले. दांडपट्टा आणि नेमबाजी शिकलेल्या या माणसाने हत्याराकडे धाव घेतली नाही. त्याने विचारले की मला मारून तुम्हाला काय मिळणार आहे? बोलण्यातून कळले की पैशासाठी ते आले आहेत. ‘तुमचे भले होत असेल तर मारा’ अशा आशयाचे उत्तर ऐकून दोघांची शस्त्रे गळाली. त्यांतील रोडे पुढे त्यांचा रक्षक झाला आणि धोंडीराम कुंभार सत्यशोधक पंडित झाला.

तालमीत शिकलेले त्या रात्री वाया गेले का? बहुधा नाही. ज्याला स्वतःच्या हातांचा भरवसा असतो, त्याचाच आवाज अशा वेळी स्थिर राहतो.

२१/
१८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. रणविद्या संपल्या नाहीत. त्या व्यायामशाळांत शिरल्या. १९१४ मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झाले आणि १९३६ मध्ये त्याचे पथक बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून आले. जालना मात्र निजामाच्या राज्यात होते. तिथे सभाच नव्हे, आखाडेही सरकारच्या नजरेत सलत. १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहामागे आखाड्यांवरील बंधने ही एक तक्रार होती. मूठभर मातीत कोण लोळते, याचीही सत्तेला धास्ती वाटू शकते.

२२/
१९४७-४८ मध्ये हा प्रश्न खेळाचा उरला नाही. कासिम रझवीच्या रझाकारांची दहशत मराठवाड्याच्या खेड्यांवर होती. त्या काळात बदनापूर तालुक्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके सशस्त्र लढ्यात उतरल्या. घोडेस्वारी आणि बंदूक यांसाठी त्यांचे नाव जालन्याच्या लोकस्मृतीत आहे. मराठवाड्याची झाशीची राणी असे लोक त्यांना म्हणतात. शेतकरी घरातल्या बाईने कोणती विद्या निवडावी याची यादी तिच्यापुढे कोणीच ठेवली नव्हती. निवड तिने स्वतः केली. मानसोल्लासातल्या त्या मल्लाला जे मिळाले नाही, ते तिने आठ शतकांनंतर घेतले.

२३/
१३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत पोलीस कारवाई पूर्ण झाली आणि निजामाची सत्ता संपली. पण धागा इथे थांबवणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्यानंतर मराठवाड्याच्या अनेक भागांत निरपराध मुस्लिम वस्त्यांवर सूड उगवला गेला, आणि सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली. कालपर्यंत स्वसंरक्षणासाठी उचललेला हात धोका संपल्यावरही खाली आला नाही, की त्याचे नाव बदलते. बंदेशाच्या जुन्या वस्तादांनी ‘थांबवा, मारू नका’ हे ध्येय का ठेवले असेल, हे अशा पानांवर कळते.

२४/
शेवटी पुन्हा मातीकडे. १९६१ मध्ये पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी विजयी झाले. डिसेंबर २०१८ मध्ये हीच स्पर्धा जालन्यात भरली. या स्पर्धेत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता अंतिम फेरीत भिडतात. जालन्यात बाला रफिक शेख याने अभिजित कटके याला हरवून गदा उचलली. माती पाय रुतवते, दम मागते. गादी वेग मागते. पैलवान आधी आपला पृष्ठभाग ओळखतो आणि मगच डाव शिकतो.

२५/
या नऊशे वर्षांतून निवड करणाऱ्यासाठी काही प्रश्न उरतात.

आपले शरीर काय देऊ शकते? (बाळंभटदादा)
झटापट कुठे आणि किती अंतरावर होणार? (प्रतापगड)
बाहेर पडण्याची वाट ठाऊक आहे का? (संगमनेर)
शिकवणारा संकटात सोबत राहील का? (आसई)
शस्त्राशिवाय आवाज स्थिर राहील का? (फुले)
आणि कुठे थांबायचे हे ठरवले आहे का? (१९४८)

कलेचे नाव यानंतर येते.

२६/
आसईच्या त्या दुआबात आज कपाशी आणि मका उभा असतो. जांबला रामनवमीचा उत्सव भरतो. धोपटेश्वरच्या रस्त्याने मुली शाळेत जातात. त्यांतली एखादी उद्या ज्युदोच्या वर्गात नाव घालील, एखादी लाठी शिकेल, एखादी काहीच शिकणार नाही आणि तरी वेळेला योग्य ते करील. पूर्वी राजा ठरवत असे, पुढे जात ठरवत असे, मग सरकार ठरवत असे. आता ती ठरवणार आहे. या धाग्यातला सर्वांत मोठा बदल तोच.